सीमेपलीकडचे बारा चिमटे

पाहुणे अकराला येणार होते, ते साडेदहालाच आले, आणि धाकट्या भावाची पंचाईत झाली.

तो अर्धा तास त्याने दादांसाठी राखून ठेवला होता. सीमेपलीकडे कारखान्याला जागा निम्म्या भावात मिळते, वीज जात नाही, हात स्वस्त आहेत, हे सगळं तो दादांना पुन्हा एकदा सांगणार होता. शेवटी म्हणणार होता, "दादा, भूल उतरल्यावर कुठला पेशंट विचारतो, की डॉक्टर, चिमटा कुठे बनला?" हे वाक्य त्याला सकाळी दाढी करताना सुचलं होतं आणि त्यावर तो स्वतःच खूश होता. आता पाहुणे दारात उभे होते आणि वाक्य तोंडातच राहिलं.

पाहुणे म्हणजे पलीकडच्या कारखान्याचे मालक, गोल अंगाचे, बोलायला मऊ. त्यांची भाषा आपलीच, फक्त वाक्याच्या शेवटी जरा वर चढायची. काखेत एक चपटी पेटी होती. ऑफिसच्या टेबलावर फायलींमुळे जागा नव्हती, म्हणून पेटी जेवणाच्या टेबलावर उघडली. आत निळ्या कापडावर बारा चिमटे ओळीने ठेवले होते. शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी दाबून धरायचे चिमटे. या घराण्यात दादांच्या वडिलांपासून तेच बनत आले होते, याच घराखालच्या कारखान्यात.

"बाराच्या बारा नेहमीच्या मालातून उचललेत. निवडून आणले नाहीत," पाहुणे म्हणाले.

"कळेल," दादा म्हणाले. एवढंच.

गेल्या महिन्यातल्या भांडणात दादांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. त्यांचे बारा चिमटे माझ्या हातातून पास झाले, तर मी कागदावर सही करीन. एक जरी नापास झाला, तर हा विषय माझ्या हयातीत काढायचा नाही. कारखान्यात चौघांचा वाटा होता. दादा, धाकटा, मधली बहीण, आणि दादांची मुलगी, जिच्याकडे आईचा वाटा आला होता. चौघांच्याही सह्या लागत होत्या. तिघांच्या झाल्या होत्या. कागदात लिहिलं होतं की संपूर्ण उत्पादन वर्षअखेरीपर्यंत पलीकडे हलवायचं आणि इथली इमारत भाड्याने द्यायची. म्हणजे शेवटच्या तपासणीची खोलीही जाणार. त्या खोलीत नऊ माणसं बसत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दहा बसत. दहावी दादांची बायको होती. अडतीस वर्षं ती दादांच्या समोरच्या बाकावर बसली होती.

दादा त्याबद्दल कुणाशी बोलत नसत. भांडताना ते फक्त मालाबद्दल बोलत.

"तीन वाजता तपासू. तोवर कुणी हात लावायचा नाही. घरातल्या कुणीच," धाकटा म्हणाला आणि त्याने दादांकडे बघितलं.

"मला काय हौस आहे?" दादा म्हणाले.

धाकटा पाहुण्यांना कारखाना दाखवायला खाली घेऊन गेला. मुलगीही गेली. मालाची सगळी प्रमाणपत्रं आणि कागद तीच बघायची, आणि कारखाना हलवायचा हा विचार मुळात तिचाच होता. धाकट्याने फक्त तो स्वतःच्या नावावर करून घेतला होता.

दादा खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले. पहिलं पान वाचलं. मग तेच पान परत वाचलं. टेबल चार हातांवर होतं.

हात लावायचा नाही म्हणजे तपासायचं नाही, असा अर्थ त्यांनी लावला. उचलून बघण्याला तपासणं म्हणत नाहीत. त्यांनी डावीकडून पहिला चिमटा उचलला.

वजन बरोबर होतं. पोलादही बरं होतं. दादांना ते आवडलं नाही. मग त्यांनी तो मिटला आणि उजेडापुढे धरला. टोकांमध्ये केसाएवढी फट होती. त्यांना इतका आनंद झाला की ते चक्क हसले. पहिलाच नापास. विषय संपला.

पण चिमटा हातातून सुटेना. पन्नास वर्षं ज्या हाताने अशी फट दिसली की ती मिटवली, त्या हाताला आज काय सांगणार? डोकं म्हणत होतं, ठेव खाली. अंगठ्याने तोवर दांडी दाबून जरा वाकवली होती. दादांनी परत उजेडापुढे धरला. फट नव्हती.

"अरेच्चा," दादा स्वतःशीच म्हणाले.

जाऊ दे, एक गेला. अकरा आहेत. दुसऱ्याचे, चिमटा मिटलेला धरून ठेवणाऱ्या खटक्याचे दाते नीट बसत नव्हते. खिशात छोटी कानस होतीच, ती त्यांच्या खिशात चष्म्यासारखी कायम असायची. तिसऱ्याचा मधला खिळा सैल होता. चौथ्याच्या टोकाला काय होतं, ते त्यांना नंतर आठवेना, पण काहीतरी होतं आणि ते त्यांनी काढलं.

चार झाल्यावर ते भानावर आले. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे त्यांना कळलं. चारही चिमटे त्यांनी होते तसे निळ्या कापडावर ठेवले, कानस खिशात घातली आणि वर्तमानपत्र घेऊन व्हरांड्यात गेले. आठ अजून राहिलेत, त्यांनी मनाशी म्हटलं. आठांत एक तरी वाईट निघणारच. पहिले चार चारही वाईट होते.

व्हरांड्यातून त्यांना आतलं सगळं दिसत नव्हतं, पण येणारेजाणारे दिसत होते. आधी बहीण आली. एकतीस वर्षं ती मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती, घरात सगळे तिला नर्सबाईच म्हणत, धाकटा सुद्धा. ती टेबलाशी पाठमोरी उभी राहिली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"काय करतेस गं?" दादांनी विचारलं.

"काही नाही. बघतेय फक्त."

"हात लावू नकोस."

"मला शिकवू नकोस. तू नाही ना लावलास?"

"मी वर्तमानपत्र वाचतोय."

"उलटं धरलंयस," नर्सबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. वर्तमानपत्र सुलटं होतं. पण दादांनी तपासून बघितलं.

मग धाकट्याची बायको आली. मुलांमुळे सगळेच तिला काकू म्हणत. पॅकिंगचं सगळं तिच्याकडे होतं, आणि कारखाना हलवण्याच्या बाबतीत ती नवऱ्याच्या विरुद्ध होती, पण हे नवऱ्याला अजून माहीत नव्हतं. तिच्या हातात तेलाची बाटली होती.

"कशाला गं तेल?"

"दार करकरतंय, दादा."

दार मुळीच करकरत नव्हतं. पण दादांनी तिला तसंच जाऊ दिलं. त्यांचं मनच थाऱ्यावर नव्हतं. शेवटी मुलगी वर आली, फाइल राहिली म्हणून. फाइल घ्यायला तिला दहा मिनिटं लागली.

दीडला सगळे जेवायला बसले. टेबल चिमट्यांनी अडवलेलं होतं, म्हणून ताटं मांडीवर घेऊन जेवले. पाहुण्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी आमटी दोनदा घेतली.

"कारखाना कसा वाटला?" नर्सबाईंनी विचारलं.

"शेवटच्या तपासणीच्या खोलीत फार शांत आहे," पाहुणे म्हणाले. "आमच्याकडे रेडिओ लावतात."

"म्हणूनच," दादा म्हणाले.

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"मी काय बोललो? म्हणूनच एवढंच बोललो."

"रेडिओ लावला तर काय चिमटे वाकडे होतात?"

"खटका कानाने ऐकायचा असतो. तुझ्या आईला आवाजावरून कळायचं, कुठल्या दात्यात घाण आहे."

धाकट्याला वाटलं, आता वेळ आली आहे. त्याने घसा साफ केला.

"दादा, भूल उतरल्यावर कुठला पेशंट..."

"भाकरी वाढू का?" काकू म्हणाली आणि त्याच्या ताटात वाढलीसुद्धा.

तीन वाजता टेबलाभोवती सगळे उभे राहिले. दादा एकटे बसले. तपासणी सोपी होती. पातळ कागदाची पट्टी चिमट्याच्या टोकात धरायची, पहिल्या खटक्यावर बंद करायची आणि ओढायची. चिमटा चांगला असला तर कागद फाटतो. वाईट असला तर कागद निसटून हातात येतो. याच्यात वाद घालायला जागा नाही.

पहिला. कागद फाटला. दादांना माहीत होतं. दुसरा, तिसरा, चौथा. फाटला, फाटला, फाटला. धाकटा मिश्या नसताना मिशीवरून हात फिरवल्यासारखं करत होता.

पाचवा उचलताना दादांना बरं वाटलं. आता येईल. त्यांनी पट्टी धरली, ओढली. फाटली.

सहावाही पास. सातवा तर इतका छान मिटला की दादांना कौतुक वाटलं आणि त्या कौतुकाचा रागही आला. आठव्याला त्यांनी मुद्दाम दोनदा ओढलं. नवव्याला उजेडापुढे धरलं. दहावा, अकरावा. बाराव्यापर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता. टेबलावर कागदाच्या तुकड्यांचा छोटा ढीग झाला होता.

त्यांनी बारावा चिमटा खाली ठेवला. आपण म्हातारे झालो, एवढंच त्यांच्या मनात आलं. पलीकडचे लोक शिकले, आणि आपण इथे बसून त्यांना नावं ठेवत राहिलो. पण शब्द दिला होता आणि माल खरा होता. खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं, निदान चिमट्यांच्या बाबतीत.

"पास," दादा म्हणाले. "बाराच्या बारा. चांगला माल आहे. आण रे तो कागद."

धाकट्याने कागद असा पटकन काढला की जणू तो त्याच्या बाहीतच होता. मुलीने मात्र मान खाली घातली. नर्सबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. काकूने रिकामा पेला उचलून परत तिथेच ठेवला.

"एक मिनिट," पाहुणे म्हणाले.

त्यांनी सातवा चिमटा उचलला होता. मिटला, उघडला, परत मिटला. मग दुसरा घेतला. त्यांचा चेहरा पडला.

"हे आमचे नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे?" धाकटा म्हणाला.

"आमच्या चिमट्यांची टोकं अशी मिटत नाहीत हो. मला माहीत आहे ना. मीच बनवतो. दहांतले आठनऊ परत घासावे लागतात, म्हणून तर मी म्हणालो, निवडून आणले नाहीत, जसे आहेत तसे बघा." त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही बदललेत का?"

"बदलले? आमच्या घरात?" धाकट्याचा चेहरा लाल झाला. "साहेब, दोन पिढ्या आम्ही या धंद्यात आहोत! दांडीवर तुमचा शिक्का बघा!"

पाहुण्यांनी बघितला. शिक्का त्यांचाच होता. ते चिमट्याकडे असे बघत राहिले, जसं कुणी पोरगं गावाला पाठवावं आणि ते शहाणं होऊन परत यावं.

दादांना राहवलं नाही.

"चार मी केले," ते म्हणाले.

"काय केले?"

"नीट केले. डावीकडचे चार. मी नुसता बघणार होतो, पण ते..." त्यांनी अंगठा पुढे केला, जणू सगळा गुन्हा अंगठ्याचा होता. "चारच फक्त. बाकीच्यांना मी हात लावला नाही. शपथ."

"तीन मी," नर्सबाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या.

"नर्सबाई!" धाकटा ओरडला.

"ओरडू नकोस. एकतीस वर्षं डॉक्टरांच्या हातात चिमटे दिलेत मी. वाईट चिमटा दिसला की मला तो तसाच ठेववत नाही. पेशंट टेबलावर असतो, आणि हा निसटला म्हणजे काय होतं, ते तू बघितलंयस का? मी बघितलंय. एका वेळी तीनच नेता आले, ते नीट केले. दादाच्या जुन्या कानशीने केले. बाथरूममध्ये."

"तीन मीही," काकू म्हणाली. "नुसतं तेल घालायला आले होते. पण तेल घातल्यावर कळलं, की तेलाने भागणार नाही."

धाकट्याने बायकोकडे बघितलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि ही बाई चिमटा दुरुस्त करते हे त्याला आज कळत होतं.

"तुला कुणी शिकवलं?"

"वहिनींनी. दुपारी तुम्ही झोपायचात तेव्हा."

चार आणि तीन आणि तीन, दहा झाले. सगळ्यांनी मुलीकडे बघितलं. ती कारखाना हलवण्याची सगळ्यांत मोठी वकील. तिनेच तीस पानांचा अहवाल केला होता, रंगीत तक्त्यांसकट.

"दोन," ती म्हणाली. "बघवेनात मला. उरलेले दोन तर फारच वाईट होते. मी म्हटलं, बाबा नापास करतील आणि मग कधीच काही होणार नाही, आणि दोन वर्षांत आपण बंद पडू. म्हणून केले. नाही, तेही खरं नाही. हातात घेतल्यावर अहवाल आठवलाच नाही."

दादांनी तिच्याकडे बघितलं. बोलताना तिने एक चिमटा उचलला होता, आणि तिची अंगठ्याची पकड आईसारखी आहे, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. सातवा चिमटा तिचा होता का, हे विचारायचं त्यांच्या ओठावर आलं, पण त्यांनी विचारलं नाही.

"मी एकालाही हात लावलेला नाही," धाकटा ताठ उभा राहून म्हणाला.

"तुझ्यावर संशय नव्हताच रे," नर्सबाई म्हणाल्या.

आणि मग हसणं फुटलं. आधी काकूला, मग नर्सबाईंना, मग पाहुण्यांना. पाहुणे तर खुर्चीत बसले आणि रुमाल काढून डोळे पुसायला लागले. धाकटा दोन मिनिटं रागावून उभा राहिला, मग तोही बसला.

"मग आता?" तो म्हणाला. "पास म्हणायचे की नापास?"

हा प्रश्न खरा होता. दादा मनातून जिंकले होते. बारा नापास. विषय हयातीत निघायचा नाही. पण मुलगी म्हणाली होती, दोन वर्षांत बंद पडू, आणि ती पोरगी आकड्यांच्या बाबतीत कधी चुकत नसे. बंद पडला तर ती खोलीही बंदच.

पाहुण्यांनीच तोंड उघडलं.

"मी एक बोलू? मला तुमचा संपूर्ण कारखाना नको. खरं सांगतो, सकाळी ती खोली बघितली तेव्हाच मला भीती वाटली. नऊ माणसं एक शब्द न बोलता काम करतायत. असं आम्हाला कधी जमायचं? तुम्ही घडाई आणि मोठं घासकाम आमच्याकडे द्या. ते आम्ही स्वस्तात करू. शेवटचा हात तुमच्याकडेच राहू दे. आज इथे जेवणाआधी बारा नीट झाले, तेही चोरून."

"पण मग जवळजवळ सगळा माल वाकडाच येणार," मुलगी म्हणाली. "आम्ही किती सरळ करत बसायचं?"

"म्हणून तर," पाहुणे म्हणाले. "कुणीतरी दोन महिने येऊन आमच्या पोरांना दाखवा, चूक कुठे होते ती. मला दिसते, पण सांगता येत नाही."

सगळ्यांच्या नजरा धाकट्याकडे गेल्या, कारण तो दोनदा पलीकडे जाऊन आला होता. मग सगळ्यांच्या नजरा परत आल्या.

"मी जाईन," दादा म्हणाले.

आता गोंधळ झाला. कारखाना सीमेपलीकडे न्यायला ज्यांची काहीच हरकत नव्हती, त्यांना दादा सीमेपलीकडे जाणं मान्य होईना.

"तिकडचं पाणी कसं असेल?" काकू म्हणाली.

"तुझी रक्तदाबाची गोळी कोण देणार?" नर्सबाई म्हणाल्या. "तू तर ती माझ्यासमोर सुद्धा जिभेखाली ठेवून थुंकतोस."

"दादा, तिथे कुणी ओळखीचं नाही," धाकटा म्हणाला. त्याला एकदम वडिलांचं छत्र गेल्यासारखं झालं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"बाबा, तुम्ही एकटे कसे राहाल?" मुलगी म्हणाली.

"इथे मी कुठे दुकटा आहे?" दादा म्हणाले.

ते रागाने म्हणाले नव्हते. एखाद्या मालाची खोट सांगावी तसं म्हणाले. मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

दादांनी कागद जवळ ओढला. पेन उघडलं. मग थांबले आणि पाहुण्यांकडे वळले.

"तुमच्याकडे शेवटच्या घासकामाचे बाक आहेत, तिथे उजेड कुठल्या बाजूने येतो?"

पाहुणे विचारात पडले. "ट्यूबलाइट आहेत. वरून."

"खिडकी नाही?"

"खिडकी आहे. मोठी आहे. पण तिच्यापुढे आम्ही खोकी रचलीत."

"म्हणून टोकं मिटत नाहीत," दादा म्हणाले. "फट दिसायला आडवा उजेड लागतो. वरच्या उजेडात सगळंच सरळ दिसतं."

पाहुण्यांनी खिशातून फोन काढून आपल्या कारखान्याला लावला, आवाज मोठा केला आणि तो टेबलावर चिमट्यांच्या मधोमध ठेवला.

"अरे, ती खिडकीपुढची खोकी काढा," ते म्हणाले. "हो, आत्ता. सगळी."

फोनमधून रेडिओ ऐकू येत होता. मग कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. मग फरशीवरून जड वस्तू सरकवल्याचा घर्र घर्र आवाज यायला लागला, एकामागून एक. इकडे सगळे टेबलाभोवती मान पुढे करून उभे होते. काकू आवाजावरून खोकी मोजत होती. अकराव्यानंतर आवाज थांबला.

"आला का उजेड?" दादांनी फोनकडे वाकून विचारलं.

"आला," पलीकडून एक आवाज म्हणाला. "लई आला."

"बाकावर बसा. डाव्या हाताने येतो का उजव्या?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"डाव्या."

दादांनी मान हलवली. कागदात जिथे "संपूर्ण" लिहिलं होतं, तो शब्द त्यांनी खोडला, इमारत भाड्याने द्यायची ओळही खोडली, तिथे छोटी सही केली, आणि मग खाली मोठी.

"आणि तो रेडिओ बंद करा," ते फोनला म्हणाले.